रंगवलेल्या भिंती, लढवलेल्या भिंती : बुकोविना ते ब्राशोव

कार्पेथियन पर्वताच्या पूर्वेला, बुकोविनात, लोकांनी चर्चच्या भिंती बाहेरून चित्रांनी भरून टाकल्या. पश्चिमेला, ट्रान्सिल्व्हेनियात, त्यांनी चर्चभोवती तट बांधले आणि तटात धान्य साठवलं. काळ साधारण तोच, १५ वं-१६ वं शतक. धास्तीही तीच, दक्षिणेकडून येणाऱ्या ऑटोमन फौजांची. हे दोन्ही प्रदेश आज रोमानियात आहेत. मधला डोंगर गाडीने एका दिवसात ओलांडता येतो, पण बस भरून नेणाऱ्या सहली बहुतेक एकच बाजू दाखवतात. आम्हाला दोन्ही एकामागोमाग बघायच्या होत्या, म्हणून खासगी गाडी केली.

आम्ही म्हणजे मी आणि आत्या. आत्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, आणि मी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर रविवार घालवलेली. तिसरे आमचे गाइड, तेच गाडी चालवणारे. पन्नाशीचे, मितभाषी, सुचावाकडचे. रस्त्यात चर्च दिसलं की एक हात स्टिअरिंगवरून काढून ते छातीवर क्रूस करायचे, आणि त्या भागात चर्च दर दोन मिनिटांनी दिसतं. "देव बघतोय त्यांच्याकडे, पण समोरचा ट्रक बघतोय का विचार," असं आत्या मला मराठीत म्हणायची.

पहिला दिवस : सुचावा

बुखारेस्टहून छोट्या विमानाने सुचावाला उतरलो. मोल्दाविया संस्थानाची ही जुनी राजधानी. आजचं शहर मात्र साम्यवादी काळातल्या चौकोनी इमारतींचं, पाहण्यासारखं फारसं नाही. शहराच्या कडेला टेकडीवर राजगादीचा किल्ला आहे, तेवढ्यासाठी थांबायचं. १४ व्या शतकाच्या अखेरीस पेत्रु मुशात या राजाने तो बांधला. पुढे श्तेफान चेल मारे, म्हणजे थोरल्या श्तेफानने त्याला बाहेरून दुसरा तट घातला, अर्धगोल बुरूज काढले. १४७६ मध्ये सुलतान दुसरा मेहमद स्वतः फौज घेऊन आला. कॉन्स्टँटिनोपल जिंकून घेणारा हाच तो सुलतान, पण सुचावाचा हा किल्ला त्याला घेता आला नाही.

खंदक, दुहेरी तट, वळण घेऊन आत शिरणारा रस्ता हे सगळं बघताना मजा आली. डागडुजी मात्र जरा जास्तच झाली आहे. आत पडद्यांवरचे खेळ, दिव्यांची आरास. दगडाला बोलू द्यायचं सोडून त्याच्या वतीने स्पीकर बोलतो.

श्तेफानचं नाव पुढचे दिवस सतत कानावर पडणार होतं. १४५७ ते १५०४ अशी ४७ वर्षं त्याने राज्य केलं. तो तुर्कांशी लढला, हंगेरीशी लढला, पोलंडशीही लढला आणि शेवटी सुलतानाला खंडणी देऊन त्याने राज्य टिकवलं. प्रत्येक लढाईनंतर त्याने एक चर्च किंवा मठ बांधला असं लोक सांगतात. १९९२ मध्ये रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्याला संतपद दिलं. आमच्या गाइडच्या गाडीत आरशाला त्याचं चित्र लटकत होतं, आणि खंडणीचा उल्लेख त्यांनी मी विचारल्यावरच केला.

मुक्कामाला गुरा हुमोरुलुइ या गावी आलो. मठ पाहायला हे गाव सोयीचं. सुचावात राहून रोज ये-जा करू नये.

दुसरा दिवस : वोरोनेत्स आणि हुमोर

वोरोनेत्सला सकाळी लवकर पोचलो, बसगाड्या येण्याआधी. फाटकापर्यंत दुतर्फा भरतकामाचे सदरे आणि लाकडी चमचे विकणारी दुकानं, आणि आत हिरवळीवर एक लहानसं चर्च. फोटोंवरून मला ते मोठं वाटलं होतं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या एखाद्या बेताच्या देवळाएवढं. छप्पर लाकडी फळ्यांचं, आणि वळचण इतकी बाहेर काढलेली की भिंतींवर सावली धरलेली वाटते.

श्तेफानने हे चर्च १४८८ मध्ये बांधलं. दारावरचा शिलालेख तारखा सांगतो: २६ मे ला काम सुरू, १४ सप्टेंबरला पूर्ण. चार महिनेसुद्धा नाहीत. दानिएल नावाच्या संन्याशाच्या सल्ल्यावरून ते बांधलं अशी आख्यायिका आहे. हरून आलेल्या राजाला त्याने पुन्हा लढायला पाठवलं म्हणे. दानिएलची समाधी आतच आहे. बाहेरची चित्रं मात्र श्तेफानच्या काळातली नाहीत. ती १५४७ ची, धर्माधिकारी ग्रिगोरे रोश्का याने करवून घेतलेली.

बाहेरून का रंगवलं? गाइडनी दोन कारणं सांगितली. चर्च लहान, माणसं जास्त. सणाला अर्धा गाव अंगणात उभा राहायचा, आणि लढाईच्या दिवसांत अंगणात सैन्य असायचं. दुसरं म्हणजे पूजा चालायची स्लाव्होनिक या जुन्या धर्मभाषेत आणि लोक बोलायचे रोमानियन. पाद्री काय म्हणतो ते कळत नसलेल्यांना भिंत कळत होती.

पश्चिमेची भिंत अख्खी अंतिम निवाड्याची. तिला एकही खिडकी नाही, त्यामुळे चित्रकाराला सलग फळा मिळाला. सगळ्यात वर देवदूत आकाश गुंडाळताहेत, राशिचक्राच्या चिन्हांसकट. सुरळी होत चाललेल्या आकाशात मेष, वृषभ, कर्क ओळखू येतात. आत्याने बोटाने मोजून राशी दाखवल्या, तेव्हा आमच्या शेजारची फ्रेंच मंडळीही वर बघायला लागली. मधोमध ख्रिस्त, आणि त्याच्या पायापासून निघालेली आगीची नदी खाली नरकात जाते. नदीत कोण कोण आहे ते बघण्यासारखं. फेटेवाले तुर्क आहेत, तातार आहेत, आणि मुकुट घातलेले राजेही आहेत. एका बाजूला पापपुण्याचा तराजू, एका पारड्याला सैतान लोंबकळतोय.

मला सगळ्यात आवडले ते प्राणी. निवाड्याच्या दिवशी मेलेले सगळे उठणार, म्हणून जनावरांनी खाल्लेली माणसंही परत द्यायची. सिंह, अस्वल वगैरे तोंडात हात, पाय धरून उभे आहेत, आज्ञाधारकपणे. हरणाच्या तोंडात काही नाही, कारण त्याने कुणाला खाल्लंच नाही. स्वर्गाकडच्या बाजूला दावीद राजा हातात कोब्झा घेऊन बसलाय, तिथल्याच लोकांचं तंतुवाद्य. देवदूतांची तुतारीही बुचुमसारखी, डोंगरातल्या मेंढपाळांच्या लांब कर्ण्यासारखी. यरुशलेम आणि स्वर्ग दोन्ही थेट मोल्दावियात आणून ठेवलेत.

आता निळा रंग. वोरोनेत्सचा निळा म्हणून तो रोमानियात प्रसिद्ध आहे, आणि त्याचं सूत्र कुणालाच माहीत नाही अशी एक गूढकथा प्रत्येक गाइड सांगतो. आमच्याही गाइडनी सांगितली. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ॲझुराइट असणार. तांब्याचं खनिज. आश्चर्य रंगाचं नाही, तो पावसात टिकला याचं." ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला की चुना वाळताना रंगाला धरून ठेवतो, ही युक्ती जगभर होती. पण असा गिलावा बहुतेक ठिकाणी छपराखाली असतो. इथे तो पावणेपाचशे वर्षं बर्फ, ऊन आणि वाऱ्यात उभा आहे.

अर्थात सगळाच टिकलेला नाही. उत्तरेच्या भिंतीवर पावसाचा मारा, तिथली चित्रं बरीचशी पुसट झाली आहेत. शिवाय हाताला येईल तिथपर्यंत लोकांनी नावं आणि सालं कोरली आहेत. गड-किल्ल्यांवर बदामाच्या आकारात कोरलेली नावं पाहून माझा जीव जळतो. इथे त्याच नावांना आता १५०-२०० वर्षं होऊन गेल्यामुळे लोक त्यांचेही फोटो काढतात.

ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याने बुकोविना १७७५ मध्ये घेतलं आणि १७८५ मध्ये इथला मठ बंद केला. साध्वी परत आल्या त्या थेट १९९१ मध्ये. आम्ही असतानाच एक तरुण साध्वी खांद्यावर लांब लाकडी फळी आणि हातात मोगरी घेऊन आली आणि फळीवर ठोके देत चर्चभोवती चालायला लागली. आधी सावकाश, मग भराभर, मग पुन्हा सावकाश. याला तोआका म्हणतात, पूजेचं बोलावणं. चित्रांसमोर फोटो काढणाऱ्या आमच्यासारख्या माणसांना वळसा घालून ती गेली, एकदाही वर न बघता.

दुपारी हुमोर. हे राजाने नाही, तेओदोर बुबुयोग नावाच्या दरबारी मंत्र्याने १५३० मध्ये बांधलं. कळस नाही, समोर कमानींचा उघडा ओटा, आणि रंग लाल-तपकिरी. गर्दी वोरोनेत्सच्या चतकोरही नाही. बाजूला १६४१ चा एक दगडी बुरूज आहे, अरुंद जिना चढून वर जाता येतं. मी गेले, आत्या खाली बाकावर बसून ओट्यावरच्या चित्रांची रेखाटनं करत राहिली. मला विचाराल तर वोरोनेत्सला बघायला जावं आणि हुमोरला बसायला.

तिसरा दिवस : मोल्दोवित्सा, घाट, सुचेवित्सा

मोल्दोवित्साचा मठ श्तेफानचा मुलगा पेत्रु रारेश याने १५३२ मध्ये बांधला, चित्रं १५३७ ची. इथे पिवळा रंग जास्त आहे. दक्षिणेच्या भिंतीवर खाली कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याचं चित्र आहे आणि माझ्यासारखीला त्यासमोरून हलणं कठीण. इ. स. ६२६ मध्ये अवार या भटक्या टोळ्यांनी आणि पर्शियन फौजांनी त्या शहराला वेढा घातला होता आणि मेरीच्या कृपेने तो उठला, ही मूळ कथा. तटावरून मेरीची प्रतिमा आणि ख्रिस्ताचा चेहरा उमटलेलं वस्त्र मिरवत नेताहेत, वरून आगीचा पाऊस, समुद्रात शत्रूची जहाजं बुडताहेत. पण शत्रूच्या डोक्यावर फेटे आहेत आणि हाताशी तोफा! ६२६ मध्ये कुठल्या आल्या तोफा? चित्रकाराने सरळ आपल्या काळचे तुर्क काढलेत.

गंमत अशी की चित्र काढलं तेव्हा ते शहर पडून ८४ वर्षं झाली होती. हे चित्रकाराला आणि राजाला दोघांनाही ठाऊक होतं, बघणाऱ्यांनाही. तरी भिंतीवर शहर जिंकतंय. आपल्यालाही असाच पाऊस पाडून वाचव, अशी ती मागणी आहे. पेत्रु रारेशला पुढच्याच वर्षी, १५३८ मध्ये, सुलतान सुलेमानच्या स्वारीपुढे गादी सोडून पळावं लागलं. काही वर्षांनी सुलतानाकडूनच गादी परत मिळवून तो पुन्हा राजा झाला.

मोल्दोवित्साहून चिउमर्नाचा घाट चढून सुचेवित्साला उतरतो तो रस्ता फार देखणा आहे. माथ्यावर रस्ता बांधणाऱ्यांच्या स्मरणार्थ उभारलेला भलामोठा सिमेंटचा पंजा आहे. त्याच्याशेजारी फोटो काढणं सक्तीचं असल्यासारखे सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. उतारांवर गवताच्या गंज्या, मधल्या खांबाभोवती रचलेल्या. सप्टेंबरात कापणी चालू होती.

सुचेवित्सा लांबून मठ वाटतच नाही. चौकोनी कोट, कोपऱ्यांवर बुरूज, तट ६ मीटर उंच आणि ३ मीटर जाड. मोविला घराण्याने १६ व्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा मठ. या चित्रित चर्चपैकी बाकीच्यांना युनेस्कोने १९९३ मध्येच वारशाच्या यादीत घेतलं, सुचेवित्साला २०१० पर्यंत थांबावं लागलं. आत हिरव्या रंगाचं राज्य. आणि इथे उत्तरेची भिंतच सगळ्यात छान टिकलेली, काल जे शिकलो त्याच्या नेमकं उलट.

त्या भिंतीवर सद्गुणांची शिडी आहे. ३० पायऱ्यांची शिडी तिरकी स्वर्गाच्या दाराकडे जाते आणि तिच्यावरून साधू चढताहेत. एकीकडे देवदूत शिस्तीत, रांगेवर रांग, पंखाला पंख लावून. दुसरीकडे सैतानांचा सावळा गोंधळ. कुणी साधूचा पाय ओढतोय, कुणी झगा. एकजण अगदी वरच्या पायरीजवळून डोक्यावर पडतोय. आत्या म्हणाली, "देवदूत काढणाऱ्याला कंटाळा आला असेल गं, सगळे एकासारखे एक. सैतान बघ, प्रत्येकाचा चेहरा वेगळा." दक्षिणेच्या भिंतीवर येशूची वंशवेल आहे आणि तिच्या कडेला प्लेटोसकट ग्रीक तत्त्ववेत्ते आहेत. पश्चिमेची भिंत मात्र कोरी. चित्रकार परांचीवरून पडून मेला आणि मग कुणी हात लावला नाही, अशी कथा आहे.

जेवणाबद्दल इथेच सांगते, कारण शाकाहारी लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपासाला मांस, अंडी, दूध काही चालत नाही. बुधवार-शुक्रवार आणि सणांआधीचे दीर्घ उपास धरून वर्षातले कितीतरी दिवस ते असं जेवतात. त्यामुळे उपाहारगृहात 'दे पोस्त' एवढं म्हटलं की शाकाहारी पानावर येतं. वांगं-सिमला मिरचीची झकुस्का, लसणाचं घोटलेलं पांढरं वालासारखं कडधान्य, कोबी, मशरूम, आणि मक्याच्या पिठाचा मामालिगा. मामालिग्यावर आत्या पहिल्या दिवसापासून खूश. मी पापानाशवर. तळलेली गोड वडी, वर आंबट साय आणि जांभळ्या बोरांचा मुरंबा. हा अर्थातच उपासाचा नाही.

परतताना मार्जिन्या गावात काळी मडकी घडवणाऱ्यांकडे थांबलो. माती साधीच, पण भट्टी हवा कोंडून धूर आतच ठेवतात, त्याने मडकं काळं होतं. दोन लहान कुजे घेतले, बाकी सामानाचा विचार केला.

चौथा दिवस : डोंगर ओलांडून

हा दिवस गाडीत गेला. वाटेत आगापियाचा मठ, साध्वींची लाकडी घरं असलेलं एक अख्खं गावच. आतली चित्रं १९ व्या शतकातली, निकोलाए ग्रिगोरेस्कु या पुढे नावाजलेल्या चित्रकाराने विशीत असताना काढलेली. सुंदर आहेत, पण वोरोनेत्सनंतर आमचे डोळे भरलेले होते. मग बिकाझची घळ. दोन्ही बाजूंनी चुनखडीचे कडे अंगावर येतात आणि रस्ता कसाबसा निघतो. पुढे लाकु रोशु हे तळं आहे. १९ व्या शतकात दरड कोसळून नदी अडली आणि जंगल बुडालं, त्या झाडांचे खुंट अजून पाण्याबाहेर दिसतात.

घाट उतरल्यावर पाट्या दोन भाषांत दिसायला लागल्या, रोमानियन आणि हंगेरियन. कांद्याच्या आकाराचे कळस गेले, सुईसारखे टोकदार मनोरे आले. आम्ही ट्रान्सिल्व्हेनियात होतो. गाइडनी छातीवर क्रूस करायचं थांबवलं. "ही आमची नाहीत," एवढंच म्हणाले.

पाचवा दिवस : सिगिश्वारा

१२ व्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सरहद्द सांभाळायला जर्मन बोलणारे वसाहतकरी बोलावले. त्यांना सॅक्सन म्हणतात. जमीन आणि सवलती त्यांना मिळाल्या, राखणदारी गळ्यात पडली. सिगिश्वारा हे त्यांचं शहर. टेकडीवरच्या बालेकिल्ल्यात आजही लोक राहतात, खिडक्यांत कुंड्या आहेत, दोरीवर कपडे आहेत.

इथल्या तटाची व्यवस्था मला फार आवडली. तटाचा एकेक भाग आणि एकेक बुरूज एकेका व्यवसायाच्या संघाकडे सोपवलेला. शिंप्यांचा बुरूज, खाटकांचा, कातडं कमावणाऱ्यांचा, दोर वळणाऱ्यांचा, चांभारांचा. बांधायचा त्यांनी, दुरुस्ती त्यांची, वेढा पडला की लढायचंही त्यांनीच. १४ बुरुजांपैकी ९ अजून उभे आहेत. कथलाच्या कारागिरांच्या बुरुजावर गोळ्यांचे व्रण आहेत. घड्याळाचा मनोरा तेवढा कुठल्या संघाचा नाही, तो नगरसभेचा. ६४ मीटर उंच, आणि घड्याळाशेजारी आठवड्याच्या सात वारांच्या सात लाकडी मूर्ती, मध्यरात्री एक आत जाते आणि दुसरी बाहेर येते.

वर टेकडीच्या माथ्यावर शाळा आणि चर्च. मुलांनी हिवाळ्यात बर्फातून चढू नये म्हणून १६४२ मध्ये जिन्यावर लाकडी छप्पर घातलं. पावणेदोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आत्या मध्ये दोनदा थांबून चढली आणि वर पोचल्यावर म्हणाली, शाळेत पोचेपर्यंत मुलांची मस्ती जिरावी म्हणून केला असणार.

ड्रॅक्युलाच्या नावामागचा राजा व्लाद त्सेपेश इथल्या एका पिवळ्या घरात जन्मला असं म्हणतात. त्या घरात आता उपाहारगृह आहे आणि चौकभर ड्रॅक्युलाच्या नावाचे मग, टोप्या, दात. मला त्यात राम वाटला नाही. वोरोनेत्सच्या श्तेफानशी त्याचं नातं मात्र सांगण्यासारखं आहे. हे दोघे नात्यातले. १४५७ मध्ये श्तेफानला मोल्दावियाची गादी मिळाली ती व्लादने दिलेल्या फौजेच्या जोरावर, आणि १४७६ मध्ये व्लादला त्याची गादी परत मिळवून देणाऱ्यांत श्तेफान होता. एक संत झाला, दुसऱ्याचे प्लास्टिकचे दात विकले जातात.

सहावा दिवस : बियेर्तान आणि विस्क्री

शहरांना तट होते, खेड्यांचं काय? सॅक्सन खेड्यांनी आपल्या चर्चचाच किल्ला केला. आपल्याकडे देशावर गावोगाव गढ्या आहेत, पण गढी पाटलाची किंवा देशमुखाची. इथला तट गावाचा, वर्गणीचा आणि अंगमेहनतीचा.

बियेर्तानचं चर्च गावाच्या मधोमध टेकाडावर, एकात एक असे तीन तट. १५७२ ते १८६७ या काळात सॅक्सन बिशप इथे बसत. आत पूजेचं साहित्य आणि दागिने ठेवायच्या खोलीला १५१५ चं दार आहे. एक किल्ली फिरवली की चारी बाजूंनी डझनाहून जास्त कड्या एकदम सरकतात. हे कुलूप १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गेलं होतं. मी गुडघ्यावर बसून ते बघत होते आणि मागे रांग लागली.

बाजूच्या बुरुजात एक खोली आहे. घटस्फोट हवा असलेल्या नवरा-बायकोला इथे कोंडायचे. एक पलंग, एक ताट, एक चमचा. बहुतेक जोडपी घटस्फोटाचं नाव न काढता बाहेर यायची, हे गाइड अभिमानाने सांगतात. आत्या तिथेच म्हणाली, "थंडीत एका पलंगावर कोंडलं तर कुणीही कशालाही हो म्हणेल." बायकांना कुणी काय विचारलं असेल, हा प्रश्न त्या खोलीतल्या पाटीवर नाही.

विस्क्री त्याहून साधं. मातीच्या रस्त्यावर बदकं, निळ्या-पिवळ्या भिंतींची घरं, वर झाडीत पांढरं चर्च. इथे बंदुकीच्या जंग्या, तटावरून चालायची लाकडी वाट असं सगळं आहेच, पण लक्षात राहतो तो डुकराच्या चरबीचा बुरूज. गावातली प्रत्येक घरची खारवलेली चरबी त्या एका बुरुजात टांगलेली असायची, घराघराची खूण वेगळी. आठवड्यातून एकदा बुरूज उघडायचा, तेव्हा आपापला तुकडा कापून न्यायचा. वेढा केव्हाही पडेल म्हणून अन्न आधीच तटाच्या आत. वेढ्यांचा काळ संपल्यावरही ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालू राहिली.

आता ते सॅक्सनच नाहीत. तुर्कांकडून, तातारांकडून जे झालं नाही ते २० व्या शतकात झालं. १९४५ च्या जानेवारीत हजारोंना सोव्हिएत छावण्यांत मजुरीला नेलं. मग साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने माणशी पैसे घेऊन जर्मनवंशीयांना पश्चिम जर्मनीत जायची परवानगी दिली, असे दोन लाखांहून जास्त लोक गेले. आणि १९८९ मध्ये राजवट पडल्यावर, १९९० या एका वर्षात लाखाहून अधिक. सात-आठशे वर्षांची गावं अशी रिकामी झाली. घरांत आता रोमानियन आणि रोमा (जिप्सी) कुटुंबं राहतात. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना विस्क्रीत घर घेतलं, तेव्हापासून पर्यटक वाढले आणि डागडुजीही झाली.

बुकोविनाच्या मठांत चित्रं झिजली आहेत, पण साध्वी आहेत, तोआका वाजते, पूजेला दाटी असते. इकडे तट तुळतुळीत दुरुस्त केलेले आणि आत बाकांवर कुणी नाही. मला किल्ल्यांची हौस, तरी त्या दुपारी मी आत्याच्या बाजूची झाले.

सातवा दिवस : प्रेज्मेर आणि ब्राशोव

सकाळी ब्राशोवजवळचं प्रेज्मेर. किल्लेप्रेमींनी बाकी काही सोडावं, हे सोडू नये. जवळपास गोल तट, डझनभर मीटर उंच, आणि त्याच्या आतल्या अंगाला मजल्यावर मजले चढवून काढलेल्या २७० च्या आसपास खोल्या. लाकडी जिने, लाकडी सज्जे, दारांवर क्रमांक. गावातल्या प्रत्येक घराची तटात एक खोली ठरलेली. शत्रू आल्याची घंटा झाली की घराला कडी लावायची, जनावरं घ्यायची आणि आपल्या क्रमांकाच्या खोलीत येऊन राहायचं. एका खोलीत शाळासुद्धा भरायची, वर्ग अजून मांडून ठेवलाय. वेढा म्हणून गणिताला सुट्टी नाही, यावर आत्याचा जीव बसला.

ब्राशोवला दुपारी. काळं चर्च १६८९ च्या आगीत होरपळलं आणि तेव्हापासूनचं हे नाव. आत शिरल्यावर दिसतात ते गालिचे. तुर्की गालिचे! अनातोलियात विणलेले, लाल-निळे, सज्ज्यांवर आणि भिंतींवर टांगलेले. १६ व्या शतकात इथले सॅक्सन ल्यूथरच्या पंथाला गेले, भिंती साध्या ठेवायच्या ठरल्या, आणि मग व्यापाऱ्यांनी, कारागीर संघांनी दान दिलेले गालिचे त्या भिंतींवर आले. शत्रूशी व्यापार चालूच होता, ब्राशोवच्या पेठा त्यावर तर उभ्या होत्या. फेटेवाल्यांना आगीच्या नदीत ढकलणाऱ्या वोरोनेत्सनंतर हे चर्च बघावंच.

शहराच्या तटातही न दिसणारी एक भिंत होती. रोमानियन लोकांना तटाच्या आत घर करता येत नसे, त्यांची वस्ती बाहेर श्केईमध्ये. तिथे पहिल्या रोमानियन शाळेचं संग्रहालय आहे, छोटं आणि उत्तम. रोमानियन भाषेतला सगळ्यात जुना शाबूत मजकूर म्हणजे १५२१ चं एक पत्र. क्म्पुलुंगच्या न्याक्शु नावाच्या माणसाने ते ब्राशोवच्या जर्मन नगराध्यक्षाला लिहिलं. विषय एकच: सुलतानाची फौज सोफियाहून निघाली आहे, जहाजं डॅन्यूबवर आहेत, सावध राहा. तटाबाहेरच्या लोकांच्या भाषेत, तटाच्या आतल्यांना दिलेला इशारा. आमच्या गाइडना ते पत्र तोंडपाठ होतं. चौथ्या दिवसानंतर पहिल्यांदाच ते इतकं बोलले.

ड्रॅक्युलाचा म्हणून दाखवतात त्या ब्रानच्या किल्ल्याला आम्ही गेलो नाही. व्लादचा त्याच्याशी फारसा संबंध नाही आणि रांग तासभराची होती. सिबियु हे आणखी एक सॅक्सन शहर राहिलं, त्याला दोन मुक्काम तरी हवेत.

जाणाऱ्यांसाठी थोडं. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तेव्हा शेंगेन व्हिसा चालतो. मठांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेसला कुणी काही म्हणत नाही. चर्चच्या आत फोटो बहुतेक ठिकाणी मना आहेत, बाहेर हवे तितके काढा. चौघं असाल तर खासगी गाडीचा खर्च बराच उतरतो. दिवस कमी असतील तर चौथ्या दिवसाचा डोंगर टाळू नका, त्याऐवजी दोन्हीकडचं एकेक ठिकाण कमी करा. उत्तरेकडच्या रस्त्यांवर अंधारात बिनदिव्याच्या घोडागाड्या येतात, म्हणून गाइड म्हणतील त्या वेळेला मुक्काम गाठा.